एक जूनचा मानकरी

१

ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राचं शटर सकाळी वर गेलं आणि छोटी निशिगंधा दारातच थबकली. भिंतीला टेकून ठेवलेला तिचा नकाशा जागेवर नव्हता. नकाशावर टाकलेली चादर मात्र होती. खुर्चीवर, कडेला कड जुळवून, चौपदरी घडी घालून ठेवलेली.

मागून जयमालाबाई आल्या. कुरुळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. सरकारने त्यांना निवृत्त केलं होतं, गावाने केलं नव्हतं. पन्नाशीतले बाप्येही त्यांना समोरून येताना पाहून हातातली तंबाखू मुठीत लपवत. रंगीत खडू कुणी पळवला, कुणाच्या डब्यातला लाडू कुणी खाल्ला, असले गुन्हे बाईंनी वर्षानुवर्षं उलगडले होते. त्यांची पद्धत एकच होती. ओरडायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, आणि तो काय बोलतो यापेक्षा त्याला काय माहीत आहे तिकडे कान ठेवायचा.

तो दिवस होता एक जूनचा. कुरुळीत या एका तारखेला जेवढे वाढदिवस असतात, तेवढे उरलेल्या वर्षात मिळून नसतील. त्याचं कारण साधं आहे. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला आणायचा, गुरुजी जन्मतारीख विचारायचे, आणि बाप डोकं खाजवत सांगायचा, "ज्वारी हुरड्यात आली व्हती, तवाचा हाय." आता हुरड्याची तारीख लिहायची कशी? मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची, वयाच्या हिशोबाला सोयीची अशी एक जून लिहून मोकळे व्हायचे. असं करता करता गावची एक पिढीच्या पिढी एकाच दिवशी जन्माला आली. पुढे ज्येष्ठ नागरिक संघाने त्याचाच सण केला. एक जूनला सगळ्यांचा एक वाढदिवस आणि सगळ्यांत मिळून एक केक.

या गर्दीत भिमाजी तेवढे वेगळे. आपण खरोखरच एक जूनला जन्मलो, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. "बाकीच्यांची तारीख गुरुजींनी दिलेली, माझी आईनं दिलेली." एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीसला आपल्याकडची पहिली एसटी धावली, आणि ती पाहून आईला कळा सुरू झाल्या, अशी त्यांची कथा होती. म्हणून दर वर्षी मखमली मानाची खुर्ची भिमाजींना, सुरी भिमाजींच्या हातात आणि पहिला तुकडा भिमाजींच्या तोंडात.

यंदा बाईंनी सुट्टीतल्या पोरांना गोळा करून प्रदर्शन मांडलं होतं. एक तारीख, आणि त्या तारखेला जगात काय काय घडलं ते. एक जूनला एका दर्यावर्द्याने उत्तरेकडचा चुंबकीय ध्रुव शोधला. एक जूनला डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. एक जूनलाच ईस्ट इंडिया कंपनी कायमची बंद झाली. हा शेवटचा तक्ता वाचून एका आजोबांनी काळजीने विचारलं होतं, "कुठली ही? चाकण एमआयडीसीच्या फेज दोनमधली का? मग पोरांना दुसरीकडं घेतलं का न्हाई?"

सगळ्यांत मोठा तक्ता निशिगंधाचा होता. सहा फुटी पातळ प्लायवर पहिल्या एसटीच्या रस्त्याचा नकाशा. तो आजच्या समारंभातच उघडायचा, म्हणून चादरीखाली झाकलेला. बाई आणि पोरं सोडून कुणी तो पाहिला नव्हता. त्यात पोरांनी एक गंमतही करून ठेवली होती. सगळ्यांना एसटी म्हटलं की लाल गाडी आठवते. पण पहिली एसटी निळी आणि चंदेरी होती, म्हणून निशिगंधाने तिचा रस्ता निळ्या रंगात रंगवला होता. लोक विचारतील निळा का, आणि मग आपण सांगू, असा बेत होता.

कुलूप शाबूत होतं. आदल्या संध्याकाळी पोरं घरी गेल्यावर केंद्रात चारच माणसं येऊन गेली होती. टेबल-खुर्च्या लावायला मांडववाला सिद्धेश, फ्लेक्स बांधायला भिमाजींचा मुलगा रणजीत, खुर्ची डगमगत नाही ना हे बसून बघायला खुद्द भिमाजी, आणि शेवटी कुलूप लावायला संघाचे अध्यक्ष उद्धवराव.

निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाईंनी ती घडी घातलेली चादर उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि पुन्हा तशीच ठेवली.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "ज्याने नकाशा नेला त्याला तुझ्याशी भांडण नाही. चोर चादरीची घडी घालत बसत नाहीत."

"मग कशाला नेला?"

"तेच तर शोधायचंय."

२

पहिला सिद्धेश सापडला. लातूरकडून येऊन त्याने चाकण रस्त्याला मांडवाचा धंदा उभा केला होता. प्लाय त्याचीच होती, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर जाणं स्वाभाविक होतं. लग्नसराई अजून संपलेली नव्हती. कुठल्या तरी स्टेजला एक फळी कमी पडली असेल, आणि त्याने पोरांच्या मेहनतीचा विचार न करता ती उचलली असेल.

सिद्धेशने कानाची पाळी धरली. प्लाय पोरांना दिली ती दिलीच, असं त्याचं म्हणणं. उलट त्याचीच तक्रार होती. अध्यक्षांनी सांगितलं, दर वर्षीचं गोल टेबल दे. त्याने गोल टेबल दिलं. आणि सकाळी केक बघतो तर बसच्या आकाराचा, हातभर लांब. आता गोल टेबलावर बस वळवायची कशी, हे त्याला आधी कुणी सांगितलं होतं का?

बाईंनी विचारलं, दुसरं एखादं टेबल आणलं होतंस का. त्याने मान हलवली. दुसरी सगळी टेबलं मोशीच्या एका लग्नात अडकली होती.

"आणि बाई," तो म्हणाला, "माझ्या पोरांनी चोरी केली असती तर चादर पण नेली असती. घडी तर आजवर एका पोरानं घालून दिलेली नाही मला."

यावर बाईंनी मान डोलवली. त्यांच्या मनातही घडीच होती.

रणजीत बाहेर फ्लेक्स सरळ करत होता. फ्लेक्सवर भिमाजींचा फोटो, खाली 'एक जूनचे खरे मानकरी', आणि त्याच्या दुप्पट आकारात रणजीतचा स्वतःचा फोटो, हात जोडलेला. कंपन्यांना टेम्पो पुरवून झाल्यावर आता त्याला सरपंच व्हायचं होतं. बापाचा मान हा त्याच्या प्रचाराचा भाग होता, आणि त्या मानाला धक्का लावील अशी गोष्ट त्याने गायब केली असती, यात बाईंना नवल वाटलं नसतं. चौथीत असताना त्याने स्वतःचं प्रगतिपुस्तक शाळेच्या विहिरीत टाकलं होतं.

"नकाशा गेला?" रणजीत म्हणाला. "कसला नकाशा, बाई? आपलं प्लॉटिंग दाखवलंय का त्यात?"

बाईंनी सांगितलं, एसटीच्या रस्त्याचा. रणजीतचा चेहरा पडला. मग त्याला एकदम सुचलं. एवढंच ना, तासाभरात नवा छापून आणतो. दोन ठिपके, मध्ये लाल रेघ, आणि खाली सौजन्य म्हणून आपलं नाव. त्यात काय अवघड आहे.

बाईंनी त्याला नको म्हटलं आणि विषय बदलला. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत रणजीतची मुलगी पूनम पाय लांब करून बसली होती. तिला सातवा महिना होता. सासर दापोडीला, पण पहिलं बाळंतपण म्हणून कालच रणजीतने तिला गाडीत घालून माहेरी आणलं होतं. कशी आहेस, असं बाईंनी विचारलं. पूनम म्हणाली, बरी आहे, फक्त तो केक कधी कापणार तेवढं सांगा.

३

भिमाजी लवकरच आले. कडक इस्त्रीचं धोतर, गुलाबी फेटा. त्यांचं सत्त्याहत्तरावं पुरं होत होतं, पण चाल नवरदेवाची होती. ते थेट मानाच्या खुर्चीत बसले आणि बाईंनी काही विचारायच्या आतच म्हणाले, "बाई, ऐकलं मी. पोरीचा नकाशा गेला म्हनं. लई वंगाळ झालं. मला माझ्या खुर्चीशेजारी पायजे व्हता तो."

"तुम्ही पाहिला होता का, भिमाजीभाऊ?"

"न्हाई बघितला. चादर टाकली व्हती की. पोरांची गंमत, आपन कशाला मोडायची?" मग त्यांनी निशिगंधाला जवळ बोलावलं. नवा काढशील तेव्हा कुरुळीचा फाटा नीट काढ, असं त्यांनी तिला बजावलं. फाट्यावर एक लिंबाचं झाड होतं, ते विसरू नको. आणि झाडाखाली एक बाई उभी दाखव. मोठी नको, बारीकशीच. लालभडक एसटी येतीये आणि ती बघतीये.

"तिचं नाव काय लिहू?" निशिगंधाने विचारलं.

भिमाजींनी फेटा सारखा केला. "मंजुळाबाई," ते म्हणाले.

निशिगंधा पाणी प्यायला गेली तेव्हा ते बाईंकडे वळले. आवाज खाली आला होता. मी दोन वर्षांचा असताना आई गेली, ते म्हणाले. तिचा फोटो नाही, लुगडं नाही, काही नाही. मी तिचा पहिला आणि एकटाच. बापाने दुसरं लग्न केलं, आणि त्यानंतर घरात तिचं नाव काढायची सोय राहिली नाही. शिरूरकडच्या आजोळचा उंबरा त्यांनी पाहिला नव्हता. मामा मंडळी मुंबईला पांगली. बाप मरताना एकच वाक्य बोलून गेला, तुझ्या आईनं पहिली एष्टी बघितली आन तू झालास.

"लोकास्नी वाटतं ह्यो म्हातारा खुर्चीसाठी मरतो," भिमाजी म्हणाले. "खुर्ची काय, सिद्धेशची हाय, सांजच्याला घिऊन जातो. पर माज्यापाशी आईचं येवडं येकच हाय, बाई. ती तारीख."

बाई उठल्या आणि निशिगंधापाशी गेल्या. पोरगी माठाजवळ उभी राहून विचारात पडली होती.

"बाई, मला वाटतं कुणाला तरी माझा राग आला. मी नकाशात कुरुळी दाखवलीच नव्हती."

"अगं, कुरुळी कशी दाखवणार? पहिली एसटी पुणे ते नगर धावली. वाघोली, शिक्रापूर, शिरूर असा तो रस्ता. आपलं गाव तर नाशिक रस्त्या..."

आणि बाई वाक्य अर्धं टाकून थांबल्या. पहिली एसटी नगर रस्त्याने गेली, हे त्या वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. भिमाजींच्या आईने ती कुरुळी फाट्यावर पाहिली, हेही त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या. दोन गोष्टी डोक्यात दोन कप्प्यांत ठेवलेल्या. त्या कधी समोरासमोर आणल्याच नव्हत्या. एका दहा वर्षांच्या पोरीने इमानदारीने नकाशा काढला, आणि त्यात पहिली एसटी कुरुळीच्या आसपास कुठेही फिरकली नव्हती.

नकाशा उघडला असता तर गावादेखत भिमाजींची तारीख खोटी ठरली असती.

४

आता कारण कळलं होतं. माणूस कळायचा होता.

हा नकाशा नको वाटावा असा पहिला माणूस भिमाजी. पण त्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. पाहिला असता तर खुर्चीशेजारी मागितला नसता, आणि त्यावर कुरुळीचा फाटा काढून मागितला नसता. शिवाय ते लालभडक एसटी म्हणाले. रणजीतही लाल रेघ म्हणाला. नकाशा न पाहिलेला माणूस लालच म्हणणार.

राहिले उद्धवराव. पण त्यांनी हा नकाशा लपवायचं काही कारण दिसत नव्हतं. तो त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून मिरवत आणला असता, असंच कुणीही म्हणालं असतं. उद्धवराव आणि भिमाजी एका वर्गातले, आणि तेव्हापासून त्यांचं हाडवैर. पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमनकी करून आलेले उद्धवराव हिशोबी आणि शिस्तीचे. त्यांची तारीख गुरुजींनी दिलेली, त्यामुळे मानाची खुर्ची त्यांना कायम खुपायची. पारावर, दुकानात, मयतीला, जिथे भेटतील तिथे ते भिमाजींना चिडवत. एष्टी बघून कळा येतात व्हय रे? मग आगगाडी बघून जुळं झालं असतं का?

बाई आत गेल्या तेव्हा उद्धवराव केकच्या टेबलाशी उभे होते आणि कुणालाही टेबलाजवळ येऊ देत नव्हते. लालबुंद क्रीमची बस चाकणहून येऊन त्यावर विराजमान झाली होती. निशिगंधाने ती पाहून नाक मुरडलं होतं, कारण रंग चुकला होता. उन्हाने बसची मागची चाकं थोडी बसायला लागली होती.

बाईंनी नकाशाची गोष्ट काढली. उद्धवरावांनी हात झटकला. पोरांचा खेळ तो, जाऊ द्या म्हणाले. एक तक्ता कमी असला तर काय बिघडतं?

"पोरीने खूप मेहनत घेतली होती, उद्धवराव."

"मेहनत कसली? येक निळी रेघ वढायची इकडनं तिकडं. त्याला काय लागतं?"

बाईंची नजर टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर गेली होती. सिद्धेशने गोल टेबल दिलं होतं, आणि दुसरं टेबल कुरुळीत नव्हतं. मग या कापडाला चार टोकदार कोपरे कुठून आले?

"उद्धवराव," त्या हळूच म्हणाल्या, "कारखान्यात असताना तुम्ही हत्यारं जागच्या जागी ठेवायला लावायचात, फडक्यांचीसुद्धा घडी करायला लावायचात, असं तुमची माणसं सांगतात."

"शिस्त म्हंजे शिस्त."

"काल चादरीचीही घडी केलीत. आणि निळी रेघ तुम्ही कुठे पाहिलीत? गावातल्या एकूण एक माणसाला ती लाल वाटते."

उद्धवरावांनी दाराकडे पाहिलं, केककडे पाहिलं, आणि मग ते जवळच्या खुर्चीत मटकन बसले. काल कुलूप लावायच्या आधी त्यांनी चादर उचलून पाहिली होती. अध्यक्ष या नात्याने, असं त्यांनी घाईने जोडलं. कुरुळी शोधली. सापडेना. पुन्हा शोधली. मग त्यांच्या ध्यानात आलं.

"मग आनंद झाला असेल की तुम्हाला," बाई म्हणाल्या.

"झाला," उद्धवराव म्हणाले. "चांगला झाला. दार लावून येकटाच हसलो. आन मग त्याचं त्वांड आलं डोळ्यांम्होरं." ते थोडा वेळ फेट्याच्या शेवाशी चाळा करत राहिले. "आपन चिडवायचं येगळं, बाई. मी चिडवतो, त्यो शिव्या देतो, दोगंबी घरी जाऊन जेवतो. पर आज सगळं गाव त्या नकाशाकडं बोट दावनार, आन त्यो खुर्चीत बसून बघनार. त्याला आई आशी राहिलीच न्हाई मग. मला न्हाई जमलं ते."

म्हणून प्लाय पालथी घालून त्यांनी गोल टेबलावर टाकली आणि वर कापड पसरलं. लांब केक आला तेव्हा ती अगदी मापात बसली. आता तुमच्या पाया पडतो, पण ती तिथेच राहू द्या, असं ते म्हणाले.

बाई पेचात पडल्या. एकीकडे निशिगंधाने खरा नकाशा काढला होता, आणि खरं लपवायचं असतं हे तिला शिकवायला बाईंची जीभ रेटत नव्हती. दुसरीकडे गुलाबी फेटा बांधून एक म्हातारा खुर्चीत बसला होता. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. पूनम तिथेच पाय लांब करून बसली होती, हात पोटावर ठेवून, शेजारणीला सासरच्या गमती सांगत. दापोडीची सून, कुरुळीत.

बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"उद्धवराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही बाप्ये लोक रस्त्याचा विचार करता, गाडीचा करता. ती बाई त्या दिवशी कुठे असेल, याचा विचार तुम्ही कुणी केलात का?"

उद्धवरावांना काही कळलं नाही. तोवर बाईंनी माइक हातात घेतला होता, आणि त्या सगळ्यांदेखत सांगत होत्या की केक जरा बाजूला उतरवा, खाली निशिगंधाचा नकाशा आहे.

५

चौघांनी मिळून बस खाली उतरवली. उतरवताना तिचं एक चाक निखळलं. प्लाय सुलटी करून भिंतीला उभी केली आणि निशिगंधाने टाळ्यांच्या गजरात आपली निळी रेघ सगळ्यांना दाखवली. पहिली एसटी निळी होती हेही तिने सांगितलं, आणि लोकांना ते फार आवडलं.

भिमाजी खुर्चीतून उठून नकाशाजवळ गेले. चष्मा वर करून, बोट टेकवून पुण्यापासून निघाले. वाघोली. लोणीकंद. शिक्रापूर. बोट नगरपर्यंत गेलं आणि परत पुण्याला आलं. पुन्हा निघालं.

"पोरी," ते म्हणाले, "आपला फाटा कुठाय?"

निशिगंधाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, सांग म्हणून. "आजोबा, पहिली एसटी नगर रस्त्याने गेली. आपल्या रस्त्याला नाही आली."

टाळ्या कधीच थांबल्या होत्या. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि शेजारच्याने त्याला कोपर मारलं. रणजीत आपल्या फ्लेक्सकडे बघायला लागला. उद्धवराव बाईंकडे असे बघत होते की त्यांच्या हातात पाना असता तर त्यांनी तो फेकला असता. भिमाजींचं बोट नकाशावरच होतं, पण आता ते कुठे जात नव्हतं.

"म्हंजे," ते म्हणाले, "बा खोटं बोलला."

"नाही," बाई म्हणाल्या. "भिमाजीभाऊ, तुमच्या वडिलांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? शब्दच्या शब्द सांगा."

"तुझ्या आईनं पहिली एष्टी बघितली आन तू झालास."

"कुरुळी फाटा म्हणाले होते? लिंबाचं झाड म्हणाले होते?"

भिमाजींनी नकाराची मान हलवली. नाही, ते बापाने सांगितलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच घातलं होतं. आईविना वाढलेल्या पोराला आई कुठेतरी उभी करावी लागते. त्याने ओळखीच्या फाट्यावर उभी केली.

बाईंनी पूनमकडे हात केला. "तुमची ही नात दापोडीची सून. पण तिचं पहिलं बाळ जन्मेल कुठे?"

"हितं. म्हायेराला."

"तुम्ही तुमच्या आईचे पहिले. तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

भिमाजींनी तो शब्द फार वर्षांत उच्चारला नसावा. तो त्यांना आत जाऊन शोधावा लागला. "कोंढापुरी," ते म्हणाले.

बाई निशिगंधाला म्हणाल्या, शिक्रापूर आणि रांजणगाव यांच्यामध्ये एक ठिपका दे, तू छोटी गावं सोडून दिली होतीस. निशिगंधाने ठिपका दिला. तो निळ्या रेघेवर बरोबर बसला.

तरीही भिमाजींचा विश्वास बसेना. खरं ठरलं म्हणून इतक्या सहज मानावं, हे त्यांना जमत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. भिमाजींची आत्या तानुबाई, नव्वदीची, निघोज्याला दिलेली. रणजीतने तिला केकसाठी म्हणून सकाळीच आणलं होतं.

"यात येवडं शोधायचं काय हाय?" ती म्हणाली. "वैनी कोंढापुरीलाच व्हती की. दिवस भरत आले तसा तिचा भाऊ येऊन घिऊन गेला. भिमा झाल्याचा सांगावा आला आन आमी हितं घुगऱ्या वाटल्या. मीच वाटल्या घरोघर."

"आत्या," भिमाजी म्हणाले, "मग इतकी वर्षं तू बोलली का न्हाईस?"

"मला इचारलं कुनी? तू फाटा फाटा करायचास, मला वाटलं आसंल तुझा काय त्यो फाटा."

आता मात्र सगळं केंद्र हसलं. उद्धवरावांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले आणि उन्हाचा त्रास होतो म्हणून सांगितलं. मग मोठ्याने म्हणाले, चला, मानकरी खरा निघाला, बसवा त्याला खुर्चीत आणि एकदाची सुरी द्या.

भिमाजी खुर्चीकडे गेलेच नाहीत. ते आत्याच्या पायांशी खाली सतरंजीवर बसले, इस्त्रीच्या धोतरासकट.

"दिवस भरलेली बाई, एष्टी बघायला रस्त्याला गेलीच कशी?"

"घरच्यांनी न्हाईच म्हनून सांगितलं व्हतं. तिची आई आडवी झोपली दारात. तर ही परड्यातनं गेली," तानुबाई म्हणाली. "लई हट्टी. येक गोष्ट धरली की सोडायचीच न्हाई."

सगळ्यांनी एकदम भिमाजींकडे पाहिलं. उद्धवराव काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी ते गिळलं.

भिमाजींना हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते आत्याच्या तोंडाकडे बघत राहिले. रणजीत सुरी घेऊन आला. त्याला त्यांनी हाताने थांबवलं. बस आता पुढच्या बाजूनेही खाली बसायला लागली होती, लाल क्रीम ताटाच्या कडेला आलं होतं, आणि पूनम दोनदा मोठ्याने सुस्कारा टाकून झाली होती. पण मानकऱ्याच्या आधी केकला हात लावायची कुरुळीत रीत नव्हती.

"आजून सांग," भिमाजी म्हणाले.